लांबचे गायकवाड

पापाकुराच्या फलाटावर गाडी शिरली तेव्हा बाकीचे प्रवासी चकचकीत लाकडी डब्यांचे फोटो काढायला धावले. बेबीताईंनी मात्र आधी वाकून चाकांकडे पाहिलं.

"राखलीत हो चांगली," त्या म्हणाल्या.

धम्मदीनाला हसू आलं. सासूबाईंचं हे नेहमीचंच. त्यांचे मालक, संभाजी गायकवाड, दौंडला रेल्वेत गँगमन होते. चौतीस वर्षं खांद्यावर हातोडा टाकून रूळ तपासत चालले. त्यांनी ठाकठीक ठेवलेल्या रुळांवरून किती वातानुकूलित डबे धावले असतील, पण त्यातल्या एकातही ते कधी बसले नाहीत. ते गेल्याला आता सहा वर्षं झाली. नातीला सांभाळायला बेबीताई भारतातून मुलाकडे माउंट रॉस्किलला आल्या आणि मैत्रेयच्या मनाने घेतलं, आईला एकदा तरी राणीसारखं गाडीत बसवायचं. जुन्या थाटाची ही आलिशान सहलीची गाडी महिन्यातून एकदा रांगिपोच्या वाळवंटापर्यंत जायची. दोन दिवसांची सहल, मधे एका लॉजवर मुक्काम. तिकिटं दोनच उरली होती.

"तू जा आईबरोबर," तो धम्मदीनाला म्हणाला. "जुईला मी बघतो. दहा महिन्यांची पोर, काय करणार आहे मला? फार तर चावेल."

म्हणून आज ती निघाली होती. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच, पोरीशिवाय. बॅगेत ब्रेस्ट पंप, थंड पिशवी आणि जुईचं एक न धुतलेलं झबलं. ते कशाला घेतलं हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

जेवणाच्या डब्यात चौघांचं टेबल होतं. पांढरंशुभ्र कापड, पितळी दिवा आणि एका छोट्या कार्डावर वळणदार अक्षरांत 'गायकवाड'. समोर पन्नाशी ओलांडलेलं एक जोडपं आधीच बसलं होतं. बेबीताईंची साडी, तिच्यावर मैत्रेयचं पफर जॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज असा अवतार बघून त्या बाईंचा चेहरा खुलला.

"मराठी ना? मोरेश्वर, बघ, मराठी. मला वाटलं दोन दिवस इंग्लिशमध्येच हसावं लागतंय. आम्ही दातार. हिल्सबरोला असतो. मी वसुंधरा."

"मी दीना," धम्मदीना म्हणाली. ऑफिसात सगळे दीनाच म्हणायचे, त्यामुळे ते खोटं नव्हतं. निदान इतकी वर्षं ती तसंच समजत आली होती. "आणि या माझ्या सासूबाई."

"दीना? पारशी वाटतं नाव."

"अगं, कार्डावर गायकवाड लिहिलंय," मोरेश्वर म्हणाले. "गायकवाड कधी झाले पारशी?"

"हो की. गायकवाड म्हणजे बडोद्याचे का?"

प्रश्न साधा होता. वसुंधराबाईंच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. आपल्या माणसांना ओळखीचा धागा लागल्याशिवाय चहा गोड लागत नाही, एवढंच. पण धम्मदीनाला पुण्यातला एक जिना आठवला. एम.ई. करताना खोली शोधत ती वर गेली होती. 'म्हणजे तुम्ही कुठले गं?' घरमालकीणबाईंनी हसून विचारलं होतं. तिने खरं ते सांगितलं आणि रिकामी खोली उभ्या उभ्या भरली. त्यानंतर आणखी चार जिने झाले. हे सगळं बारा वर्षांपूर्वीचं, समुद्रापलीकडचं. आता ती पूल बांधणाऱ्या कंपनीत सीनिअर इंजिनिअर होती, स्वतःच्या घरात राहत होती. इथे तिचं कोणी काही हिरावून घेणार नव्हतं.

तरी तोंडातून गेलं, "हो. म्हणजे, लांबचे."

बेबीताई नॅपकिनची घडी उलगडत होत्या. त्यांनी ती पुन्हा घातली आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

शब्द एकच होता, पण वसुंधराबाईंना तो पुरला. पाव आला तर पहिला बेबीताईंच्या पुढे. वसुंधराबाईंच्या कॉलेजात बडोद्याची एक मैत्रीण होती, तिने राजवाडा आतून पाहिला होता, त्याचं वर्णन झालं. धम्मदीना मान डोलवत राहिली. तोंड घट्ट मिटून ठेवलं, तेवढाच काय तो प्रामाणिकपणा. आणि मग वेटर ऑर्डर घ्यायला आला, तेव्हा वसुंधराबाईंनी त्याला कौतुकाने सांगून टाकलं की बरं का, या आजी भारतातल्या राजघराण्यातल्या आहेत.

वेटर कोवळा, तांबूस गालांचा होता. तो एकदम ताठ उभा राहिला आणि बेबीताईंपुढे कमरेत वाकला.

"काय म्हणतोय हा?" बेबीताईंनी विचारलं.

धम्मदीनाने हातातला पाव ताटलीत ठेवला. "तुम्हाला राणी म्हणतोय, आई."

"असं होय." बेबीताईंनी सुनेकडे नीट, सावकाश पाहिलं. "मग त्याला सांग, राणीला चहा पाहिजे. दूध घालून उकळलेला. पिशवी बुडवलेला नको."

मोरेश्वर मोठ्याने हसले. वसुंधराबाईही हसल्या. "बघ, राजघराण्यातली माणसं किती साधी असतात." धम्मदीनाने तेवढा चहा सांगितला आणि टेबलाखाली स्वतःच्या तळव्यात नख रुतवलं.

ताउमरुनुई स्टेशन मागे पडेस्तोवर तिची छाती दगडासारखी झाली. डब्याच्या टोकाला जुन्या घाटाची न्हाणीघरासारखी खोली होती. आरसा बिलोरी, नळ पितळी, पण कडी लागत नव्हती.

"मी उभी राहते बाहेर," बेबीताई म्हणाल्या. "बस तू."

आत बंद कमोडवर बसून धम्मदीनाने जुईचं झबलं नाकाशी धरलं, तेव्हा कुठे दूध उतरलं. गाडी हेलकावे खात होती. दाराच्या काचेवर सासूबाईंच्या जॅकेटची निळी सावली टेकली होती.

"आई," ती आतून म्हणाली, "मघाशी मी…"

"आधी दूध काढ. पोरीचं आहे ते."

पंप घुरघुरत राहिला. थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला. "ऑफिसात दीना म्हणतात होय तुला?"

"हो."

"आपल्याकडे कोणी म्हणत नाही, म्हणून विचारलं." मग थांबून, "तुझ्या बाबांनी केवढ्या हौसेनं ठेवलेलं नाव. लग्नाच्या बोलणीत त्यांनी अर्धा तास तेच सांगितलं. भगवंतांच्या काळातली भिक्खुणी, कोणी काही विचारलं तर अडखळायची नाही म्हणे. आमचे हे म्हणाले, मग तर सून पसंत."

सासऱ्यांनी हे म्हटल्याचं धम्मदीनाला आज पहिल्यांदाच कळत होतं. ती बाटलीवरचे आकडे बघत बसली. बेबीताई ओरडल्या असत्या, चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दार धरून उभ्या होत्या.

टेबलाशी परतेपर्यंत गाडी राउरिमूचा चढ वेटोळे घेत चढायला लागली होती. जेवण झालं, गोड आलं आणि स्पीकरवरून ट्रेन मॅनेजरचा आवाज घुमला. किया ओरा, म्हणजे नमस्कार, सगळ्यांना. थोड्याच वेळात आपण रांगिपोच्या कडेला पोहोचू. इथे पाऊस भरपूर पडतो, तरी वारा आणि ज्वालामुखीची राख काही उगवू देत नाही, म्हणून हे वाळवंट. आणि आजचा विशेष सन्मान म्हणजे आपल्यासोबत भारतातल्या एका राजघराण्याच्या सदस्य प्रवास करताहेत.

डबाभर टाळ्या झाल्या. बेबीताईंनी मागे वळून पाहिलं, टाळ्या कोणासाठी आहेत ते बघायला.

धम्मदीनाला वाटलं, गाडी इथेच थांबावी आणि आपण उतरून चालू लागावं.

पण मॅनेजर स्वतःच आला. जाकीट, साखळीचं घड्याळ, हातात टॅबलेट. वाळवंटाच्या थांब्यावर आजींचा इंजिनासमोर फोटो काढायचा होता, कंपनीच्या पेजवर टाकायला. त्याने अदबीने विचारलं, नाव नेमकं कसं लिहायचं? 'हर हायनेस' लिहिलेलं चालेल, की 'प्रिन्सेस'?

"आता काय म्हणतोय?"

धम्मदीनाने सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. एवढं मात्र तिने लपवलं नाही.

बेबीताईंनी चमचा खाली ठेवला. आवाज चढवला नाही. समोरच्या दोघांना ऐकू जाईल याचीही पर्वा केली नाही. "धम्मा, तुझ्या नावापुढे काय लावायचं ते तू लाव. माझ्या नावावर खोटं नको. त्यात ह्यांचंही नाव आहे."

मॅनेजर हसतमुखाने थांबला होता. वसुंधराबाईंचा काटा केकमध्ये उभाच राहिला. धम्मदीनाने तोंड उघडलं, तेव्हा आपला आवाज पंधरा वर्षांच्या मुलीसारखा येईल असं तिला वाटलं, आणि तसाच आला.

"त्या राजघराण्यातल्या नाहीत," ती इंग्रजीत म्हणाली. "चुकीची समजूत माझ्यामुळे झाली. त्यांचे पती रेल्वेत गँगमन होते. रूळ सांभाळायचे. नाव बेबीताई संभाजी गायकवाड."

"ओह," मॅनेजर म्हणाला, आणि त्याचा चेहरा उलट उजळला. "म्हणजे रेल्वे फॅमिली. स्वीट अ‍ॅज. हे तर आणखी छान." त्याने स्पेलिंग विचारून टिपून घेतलं आणि बेबीताईंशी हात मिळवला. त्याच्या लेखी राजा काय, गँगमन काय, दोन्ही फोटोला चांगलेच. तो दुसऱ्या टेबलाकडे वळलासुद्धा.

मराठी टेबल मात्र जागच्या जागी राहिलं.

"मग कुठले गं तुम्ही?" वसुंधराबाईंनी विचारलं. या खेपेला आवाज जरा जपून.

"दौंडचे. बौद्ध आहोत. आणि माझं नाव धम्मदीना."

"अगं, मग तसं सांगायचं ना आधीच. आम्ही असलं काही मानत नाही बाई. आमच्याकडे तर सगळे येतात-जातात."

"वसू," मोरेश्वर म्हणाले.

"काय वसू? चुकीचं काय बोलले मी? हिनंच तर सांगितलं, लांबचे म्हणून. मी मेली गावभर सांगत सुटले."

ते खरंच होतं. धम्मदीनाला त्या बाईंचा राग यायला हवा होता, तो धड येईना. बारा वर्षांपूर्वी त्या पहिल्या जिन्यावर ती मान वर करून खाली उतरली होती. आज कोणी दार लावलेलं नसताना तिने आपणहून लावून घेतलं होतं, आणि सासूला बाहेर ठेवलं होतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं विचारलंत."

मोरेश्वरांनी बेबीताईंना विचारलं, दौंडला किती लाइनी येतात हो? बेबीताईंनी बोटांवर मोजून सांगितलं, पुण्याची, सोलापूरची, मनमाडची, बारामतीची. दोघांचं बरंच बोलणं झालं. वसुंधराबाई मोबाइलमध्ये काहीतरी शोधत राहिल्या. हिल्सबरोला या हं, असं त्या दुपारी दोनदा म्हणाल्या होत्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.

वायऊरूला गाडीतून उतरवून बसने वाळवंटाच्या मधोमध नेलं. उजाड, तपकिरी वाळू, कुठेकुठे सुक्या गवताचे झुबके, आणि मागे रुआपेहूचा पांढरा डोंगर. वारा असा की साडीचा पदर धरावा तर जॅकेटची टोपी उडते. बेबीताईंचा फोटो मघाशी इंजिनासमोर निघाला होता. त्यात त्या हसल्या नव्हत्या, पण ताठ उभ्या होत्या.

बाकीची मंडळी बसच्या आडोशाला गेली. धम्मदीना सासूबाईंजवळ जाऊन उभी राहिली.

"आई, माफ करा मला."

"सांगितलंस ते बरं केलंस," बेबीताई म्हणाल्या. "पण सकाळी मला जे वाटलं ते वाटलंच. ते काही पुसून जायचं नाही लगेच. खोटं कशाला बोलू?"

"नाही. नका बोलू."

"मला वाटलं, ही माझ्या मुलाच्या घरात सहा वर्षं आहे, पाय धरून तेल चोळते माझ्या, आणि आत कुठेतरी हिला आमची लाज वाटते."

"तुमची नाही हो आई." कोणाची मग? स्वतःची, हेही पूर्ण खरं नव्हतं. वाऱ्याने डोळ्यांत राख गेली आणि तिला ते पुसायला निमित्त मिळालं.

बेबीताईंनी तिच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली. जवळ घेतलं नाही. "छाती झाक. दुधाला गारठा लागतो." मग डोंगराकडे बघत म्हणाल्या, "मैत्रेयला मी नाही सांगणार. पण तू सांग. त्यानं हौसेनं पाठवलंय आपल्याला. त्याला कळायला पाहिजे."

"फोटो पाठवून मग सांगू?"

"फोटोच्या आधी."

बसमध्ये मोबाइलला रेंज आली आणि मैत्रेयचाच व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी जुईचं लाळेने माखलेलं नाक दिसलं, मग त्याचा दमलेला चेहरा.

"कशी आहे राणीसाहेबांची ट्रिप?" त्याने विचारलं. "आईला आवडली ना?"

दोन रांगा पुढे दातार बसले होते. वसुंधराबाईंची मान किंचित कलली. शेजारी बेबीताई पडद्यावरच्या नातीला बोट दाखवत होत्या, सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही.

धम्मदीनाने आवाज लहान केला नाही.

"मैत्रेय, जुईला खाली ठेव जरा," ती म्हणाली. "मी आज आईंच्या समोर एक गोष्ट केली. ती तुला माझ्याकडून कळायला हवी."