खुर्चीला चढलेला ताप

“तापला! खरंच तापला हो!” हातातला दुधी भोपळा उंच धरून इस्त्रीवाल्या काकू ओरडल्या, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

“पाहिलंत?” गळ्यात मिरच्यांची माळ घातलेले रसगुरू गरजले. “यांच्या पोटातली विझलेली शेगडी पेटली! पालक चरबी पळवतो, आलं आळस जाळतं, संत्रं रक्ताला धावायला लावतं. माझा रस घ्या, झोपेतसुद्धा बारीक व्हाल!”

झोपेत बारीक व्हायच्या कल्पनेनेच निम्मं सभागृह सुखावलं.

ताई रांगेत उभी होती. धाकट्या भावाने तिचा दंड धरला होता, कारण हल्ली चार पायऱ्या चढल्या की तिला धाप लागायची. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवायची. थायरॉईड मंदावल्यामुळे शरीराचं चयापचयच हळू झालंय, गोळी रोज घ्यायची, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण भाऊच मागे लागला. “जन्मभर गोळ्या कशाला गिळतेस? माझं ऐक.” गोळ्यांची बाटली त्यानेच कचऱ्यात टाकली. ताईने ऐकलं. आईमागे तिनेच वाढवलेला तो. त्याचं नाही तर कुणाचं ऐकायचं? तेव्हापासून ती सकाळ-संध्याकाळ रसगुरूंचा हिरवा रस पीत होती आणि दिवसेंदिवस सुजत चालली होती. परवा मशीनवरच तिचा डोळा लागला, सुई बोटात गेली.

“पुढे या, ताई!” रसगुरूंनी भोपळ्यात सळई खुपसली, भोकातून पाणी ओतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि भोपळा तिच्या हातात ठेवला. हळूहळू तो कोमट झाला. मग गरम. मग चटका बसेल इतका. तेवढ्यात साल तडकली आणि पांढरा रबरबीत ओघळ तिच्या मनगटावर आला.

त्या वासाने ताई जागच्या जागी थिजली. घरोघरी सफेदी करणारे त्यांचे वडील अंगणातल्या पिंपात कळीचा चुना टाकून वर पाणी ओतायचे, की पाणी आपोआप खदखदायला लागायचं. खाली जाळ नाही, काही नाही! हाच भाऊ तेव्हा टाळ्या पिटायचा, “ताई, परत दाखव ना!” आता वडिलांचं काम तोच करत होता.

तिने मागे वळून पाहिलं. भाऊ खाली बघत होता.

“काकू, इकडे या,” ताई म्हणाली. तिने हातातला भोपळा खाली ठेवला, ओढणीला हात पुसला, टोपलीतला दुसरा भोपळा उचलून रिकाम्या खुर्चीवर ठेवला, सळई खुपसली, पाणी ओतलं. मंत्र तिला येत नव्हता, म्हणून ती गप्प बसली. थोड्या वेळाने काकूंनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

“अगं बाई! खुर्चीला ताप चढला!”

सभागृह खो खो हसलं. “भक्तांची ऊर्जा खुर्चीत उतरते!” रसगुरू ओरडले, पण त्यांचा एक पाय दाराकडे वळला होता. ताईने खुर्चीवरचा भोपळा जमिनीवर आपटला. आतून प्लॅस्टिकची फाटकी पिशवी आणि वाफाळता चुना बाहेर आला.

“कळीचा चुना आहे हा,” ती म्हणाली. “पाणी लागलं की तापतो. माणसाच्या हातात तापतो, तसाच खुर्चीवरही तापतो. सळईने पिशवी फोडायची, बाकी सगळी बडबड.” मग भावाकडे वळली. “रसगुरूंना हा भोपळ्यांत तूच भरून दिलास ना?”

“ताई, भाज्याच तर आहेत... भाजीपाल्याने कुणाचं काय वाईट होणार, असं वाटलं गं.”

“भाजीने नाही झालं. माझी गोळी तू फेकलीस, त्याने झालं. आणि टाकताना तुला माहीत होतं की भोपळ्यात काय आहे.”

ताईला रडू फुटलं, पण ती लोकांकडे बघून बोलत राहिली. “पालक खा, संत्री खा, पोटभर खा. अंगाला चांगलंच आहे. पण आजार डॉक्टरला दाखवा. आणि कुणी चमत्कार दाखवला, की टाळी वाजवायच्या आधी तो खुर्चीवर ठेवून बघा. सांगणारा सख्खा भाऊ असला तरी बघा. मी बघितलं नाही.”

ती जिन्याकडे निघाली. भाऊ धावत आला, त्याने सवयीने तिचा दंड धरला.

“दवाखान्यात सोडतो तुला.”

ताईने दंड सोडवून घेतला आणि कठडा धरला. एकेका पायरीवर दम खात ती एकटीच खाली उतरली.