वास न आलेले दिवस

श्रुतिका परबला पीएचडी करायची होती, तीही पगारी. डेटावर काम करायचं, महिन्याला पगार घ्यायचा आणि वर डॉक्टर व्हायचं! मैत्रिणी तिला वेड्यात काढत. त्या एकच ईमेल पन्नास प्राध्यापकांना पाठवून वाट बघत बसल्या होत्या. श्रुतिकाने एकीलाच लिहिलं, नेदरलँड्समधल्या प्राध्यापक मार्टांना, आणि सोबत आपलं काम जोडलं.

काम घरचंच होतं. कांजूरमार्गच्या त्यांच्या इमारतीत कचरा डेपोचा वास सुटला, की व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडत. तिची आई, प्रेमा, सगळ्यांच्या आधी लिहायची, ‘खिडक्या लावा’. हे मेसेज आणि वाऱ्याची नोंद जुळवून वास कधी येणार, ते श्रुतिकाचा प्रोग्रॅम आधीच सांगे.

मुलाखत जुलैतल्या एका दुपारी होती. कॉल लागायच्या आधी प्रेमाने दारातून डोकं घातलं.

"गो, गणपतीची तिकिटा उद्या सुटतत. तुझा काढू मा?"

"काढ गं. आता जा ना!"

कॉल झकास चालला होता. मार्टाबाई तर खूश होत्या.

"दरवर्षी पावसाच्या शेवटी आठवडाभर वास पूर्ण थांबतो आणि वारा तर बदलत नाही," त्या म्हणाल्या. "हे नवीन आहे. तुमचा प्रबंध यावरच उभा राहील."

हा शोध श्रुतिकाने अर्जात ठळक अक्षरांत मिरवला होता. ती मान हलवणार, इतक्यात तिला आईची तिकिटं आठवली. पावसाच्या शेवटी म्हणजे गणपतीत! इमारतीत सगळे मालवण, कुडाळ, राजापूरचे. त्या आठवड्यात मजल्यामजल्यावर कुलपं असतात, मेसेज टाकायला कोणीच नसतं.

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं, तरी जागा हातात होती. तिथे बसून कोणाला हे कधी कळणार होतं? पण खोट्या पायावर चार वर्षं काम करायची तिला शिसारी आली.

"माझी चूक झाली," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "वास गेला नसावा. माणसं गेली होती." मग तिने गणपतीचं सगळं सांगितलं.

मार्टाबाईंनी चष्मा काढला. "मग आता काय करणार?"

"यंदा मी गावी जाणार नाही. इथेच राहून रोज वास घेणार."

त्या मोठ्याने हसल्या. "स्वतःचाच शोध मोडणारी माणसं आम्हाला हवीच असतात. जागा तुमची. नोंदी घेऊन ऑक्टोबरमध्ये या."

श्रुतिका स्वयंपाकघरात धावली. "आई, जागा मिळाली! पण माझं तिकीट नको काढू. गणपतीत इथे वास येतो का, ते बघायचंय."

प्रेमाचे डोळे भरले. लेक परदेशी जाणार, आणि जाण्याआधीचा गणपतीही तिच्याविना.

"बाप्पाक काय सांगू मी?"

"सांग, तुझ्या सणाच्या सुट्टीतही एक जण कामावर आहे."

प्रेमाने पदराने डोळे पुसले.

"मगे खिडक्यो उघड्यो ठेव," ती म्हणाली.