पदरावरून गेलेलं पातं

माह्या सासूनं, तुळजा आत्याबाईनं, सव्वीस वर्षांत माह्या हातचं एक काम बी धड म्हटलं नाही. भाजी खारट, शिलाई वाकडी, पोरगी उनाड, सगळ्याले जिम्मेदार मीच. आमच्या मनीषनगरात घरोघरी माह्या गोधड्या गेल्या, पण आत्याबाईच्या तोंडून चांगला शब्द निघन तर शपथ!

म्हणून त्या दिवशी त्याईनं स्वतःहून पेटी उघडली अन् करवती काठाचं टसरचं लुगडं माह्यापुढं ठेवलं, तेव्हा मले घामच फुटला. मामंजीनं मागावर विणलेलं हे शेवटचं लुगडं. पुढं माग मोडला, मग मामंजी बी गेले. पदराच्या कोपऱ्यात लाल सुताचे तीन टिपके होते. तीच मामंजीची सही.

"हर्षाच्या बाळाले गोधडी कर," आत्याबाई म्हणाल्या. "टिपके बरोबर मधात पाहिजेत. साबूत."

हर्षा माही पोरगी. तिले आठवा महिना लागला होता.

"अन् पातं नको लावू," त्याईनं बजावलं. "विणलेल्या कापडातलं एक सूत ओढाचं अन् त्या रेघेवर फाडाचं. आमच्या घरी असंच करत."

"अहो, टसर जुनं झालं. फाडाले गेलं तं भलतीकडंच चिरत जाईन!"

मी माहं चार्जिंगचं कटर काढलं. गोल पातं, बटन दाबलं की भर्रकन फिरते, सोडलं की थांबते, आठ थर एका दमात कापते. बटन दाबून दाबून अंगठा दुखते म्हणून मी ते दाबलेलंच लॉक करून ठेवते. तसं करू नका, असं डब्ब्यावर लिहून आहे. वाचलं होतं मी.

लुगड्याचे चौकोन नीट पडले. मग एकेरी पदर अंथरला, त्यावर पट्टी दाबून धरली. आत्याबाई टेबलाच्या पलीकडून डोळे फाडून पाहून राहिल्या होत्या.

"वाकडं चाललं."

"नाही चाललं."

"चाललं वं, मनकर्णे!"

माहं डोकं असं तापलं! तरी हात हलू दिला नाही. टिपके चार बोटांवर राहिले होते. तेवढ्यात कापलेल्या काठातून एक सूत सुटून वर आलं.

आत्याबाई चाळीस वर्षं मामंजीसंगं मागावर बसल्या. मागावर सूत तुटलं की चिमटीत धरून लगेच गाठ माराची, नाहीतर कापडात भोक राहते. तो हात काही विचारत नाही. सूत दिसलं अन् हात गेला, सरळ पात्यापुढं.

माहा अंगठा बटनावर आपटला. बटन लॉक! ते काढाले दुसरा हात लागते अन् दुसरा हात पट्टीवर. मी मनगट वळवलं. पातं पट्टी सोडून तिरपं पदरात घुसलं, टिपक्याईच्या मधून गेलं अन् टेबलाबाहेर निघालं. मग कुठं मी ते बंद केलं.

दोन टिपके इकडं, एक तिकडं.

मी त्याईचा हात ओढून पाहिला. पाचही बोटं जागच्या जागी. मग मात्र माहा बांध फुटला. "हात काहून घातला? काही झालं असतं म्हणजे?" मी रडत ओरडली. आत्याबाईनं हात सोडवून घेतला, पदराचे दोन्ही तुकडे उचलले अन् आत गेल्या.

तीन दिवस त्या खिडकीत बसून ते तुकडे जोडत होत्या. डोळ्याले नीट दिसत नाही, म्हणून सुई ओवाले माह्यापुढं धरत. मी ओवून देत होती.

चौथ्या दिवशी हर्षा आली. अर्ध्या झालेल्या गोधडीच्या मधातल्या चौकोनावरून तिनं हात फिरवला. "टिपक्याईतून जोड काहून आहे? आई, तुह्यानं कापल्या गेलं ना?"



"तिले काही म्हणू नको," आत्याबाई म्हणाल्या. "हात मी घातला. तिनं माही बोटं वाचवली."

सव्वीस वर्षं मी असं काहीतरी ऐकाले तरसली होती. अन् ते ऐकून मलेच राहवलं नाही.

"बटन मी लॉक करून ठेवलं होतं," मी म्हटलं. "नाहीतर तिथंच थांबलं असतं. पदर बी वाचला असता."



"मालूम आहे मले," आत्याबाई म्हणाल्या अन् सुई माह्यापुढं धरली. "ओव."