स्टिकवरचे धागे

"तिच्या स्टिकले पहा आबा, धागा गुंडाळाले जागा नाही राहिली. अजून काय पाहिजे तुमले?"

कारभारी राखोलीच्या धागा कारखान्यातून पाळी संपवून थेट मैदानावर आला होता. त्याची मुलगी कावेरी आमच्या सिल्वासाच्या हॉकी संघात फॉरवर्ड खेळते. गोल केला की कारखान्यातला उरलेला रंगीत धागा स्टिकला गुंडाळायचा, ही आमच्या वेळेपासूनची पद्धत. आजही कारभारीच्या मुठीत निळा धागा होता. मी त्याच कारखान्यात म्हातारा झालो, आता सकाळी पोरींना खेळायला शिकवतो.

क्रीडा वसतिगृहात आमच्यातली एकच फॉरवर्ड घेणार होते. कावेरी की नेहा, ते संघ सांभाळणाऱ्या नलिनी मॅडमना आज तिकडे कळवायचं होतं. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, एकदा खेळवून बघू.

खेळता खेळता कावेरी दोघींना चुकवून गोलसमोर आली. गोलकीपर पुढे धावली. कावेरीने मान वर करून आजूबाजूला पाहिलं आणि बॉल नेहाला दिला. नेहाने बघितलंसुद्धा नाही, आला तसा मारला. खांबाला लागून बाहेर गेला.

"हिनं मारला असता तर गोल होता," कारभारी म्हणाला.

होता. पण हिने मारला नव्हता.

मी मॅडमना नेहाचं नाव सांगितलं. त्यांच्याही मनात तेच होतं. कावेरीला मात्र तुम्हीच सांगा म्हणाल्या, तुमचं ऐकेल. कितीतरी पोरींना मी असा नकार देत आलो आहे. आता त्याचा थकवा येतो. कावेरीला बाकावर शेजारी बसवून सांगितलं.

तिने बुटाची नाडी ओढून घट्ट केली. मग म्हणाली, "पण आबा, गोल तर माझेच जास्त आहेत."

"आहेत. इथे मातीत बॉल अडतो, तुला बघायला वेळ मिळतो. तिथल्या गुळगुळीत टर्फवर नाही मिळणार. तू हाफला खेळ. मधून पुढच्यांना बॉल देणारी हो. तुझ्यासारखी नजर नेहाला नाही."

"हाफला घेतील मला तिथं?"

"पुढच्या वर्षी विचारू. घेतीलच असं नाही."

"आणि धागा?"

"धागा गोल मारणाऱ्याला."

तिने माझ्या स्टिककडे पाहिलं. गुडघे गेल्यापासून मी जुनी स्टिक टेकत चालतो. मुठीला काळी पट्टी, खाली नुसतं लाकूड.

"एकपण नाही?"

"मी हाफ होतो."

तिने स्टिक माझ्या हातातून घेतली, लाकडावरून अंगठा फिरवला आणि परत दिली. मॅडमनी शिट्टी वाजवली. नेहा पुढे धावली. कावेरी उठली, सावकाश चालत मधल्या रेषेमागे जाऊन उभी राहिली.

कारभारीने तिला तिथे उभं राहिलेलं पाहिलं. निळा धागा बोटांभोवती गुंडाळून खिशात ठेवला.