धोट्याची मूठ

मृणालिनी प्रधान यांनी वर्तमानपत्राची पुडी सोडली आणि तीन मोडक्या सुऱ्या लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत फरशीवर ओळीने मांडल्या. उत्तम परब उकिडवा बसला. एकेक सुरी उचलून त्याने खिडकीच्या उजेडात धरली.

१९८४चा ऑगस्ट होता. संप सुरू होऊन अडीच वर्षं उलटली होती. तो संपला असं कुणी जाहीर केलं नव्हतं, पण काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले होते. उत्तमच्या गिरणीने निम्मी माणसं परत घेतली. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, सतरा वर्षं फिटर असलेला उत्तम उरलेल्या निम्म्यात पडला. तेव्हापासून तो बाजारातल्या कोळणींच्या कोयत्यांना धार लावून देत होता. त्यांतली वरळीची गुणवंती ही मृणालिनीबाईंची नेहमीची मासेवाली. बाई परळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि संध्याकाळी फणसवाडीतल्या घरी जाताना तिच्याकडून मासे घ्यायच्या. गुणवंतीनेच त्यांना उत्तमचा पत्ता दिला होता.

"ही शेपटीत मोडली," उत्तम म्हणाला. "पात्याचं टोक मुठीत दोन बोटंच घातलंय. जोर दिला की तिथंच जाणार. हिला पाणी जास्त दिलंय, तापवून बुडवताना फार कडक केलीय, म्हणून धारेचे टवके उडालेत. आणि हिला पाणी दिलेलंच नाही. वाकली ना?"

"वाकली. कंद उकरताना," बाई म्हणाल्या. "दुकानदाराने तिन्ही सुऱ्या फॉरेनच्या म्हणून दिल्या."

"मग आता लालबागची घ्या."

बाई हसल्या, पण त्यांनी वहीही काढली. पातं चार बोटं लांब, जास्त नको. पाठ जाड, म्हणजे वर लाकूड ठोकून फाटी फोडता येतील. चकाकी नको. मूठ अशी की दिवसभर धरून हाताला फोड येणार नाही. दसऱ्याच्या आधी सहा जणांचा गट घेऊन त्या आंबोलीला पंधरा दिवस झाडं गोळा करायला निघणार होत्या. गटाची प्रमुख म्हणून ही त्यांची पहिलीच खेप.

"एक करा. पुढच्या रविवारी पनवेलच्या पुढच्या डोंगरावर आम्ही ती वापरून बघू. टिकली तर सहा घेऊ. तुम्हीही या."

उत्तमने त्यांचा हात वर्तमानपत्रावर ठेवायला लावला आणि पेन्सिलीने पंजा आखून घेतला.

बाई गेल्यावर उत्तमच्या बायकोने, मंजुळाने, मांडीवरची साडी बाजूला केली. हिंदमाताच्या एका दुकानासाठी ती साड्यांना फॉल लावायची. तिच्या भावाचं देवगडहून पत्र आलं होतं: आंब्याच्या कलमांच्या बागेत राखणीला भरवशाचा माणूस हवाय, दसऱ्याला बिऱ्हाड घेऊन या. मंजुळाने सामान बांधायला सुती दोराचं नवं वेटोळं आणून खुंटीला अडकवलंही होतं.

"सहा सुऱ्यांचं काम मिळालं तर काय?" उत्तमने विचारलं.

"तर राहू."

"आणि नाही मिळालं तर?"

तिने नुसतं खुंटीकडे बघितलं.

लालबागेत जन्मलेल्या उत्तमला राखणीत काही वावगं वाटत नव्हतं. पण झाडाखाली बसून माकडं हाकलणारा आपला हात त्याच्या डोळ्यांपुढे येईना.

त्याने जुनी कानस शोधली. शेगडीत लाल करून रात्रभर राखेत निवू दिली, तेव्हा ती घासण्याजोगी मऊ झाली. तीन दिवस घासून पातं आकाराला आलं. मग ते पुन्हा लाल करून तेलात बुडवलं.

"गोडेतेल आहे ते," मंजुळा म्हणाली.

"पात्याला पाणी द्यायचंय."

"मग पाणी द्या की. तेल कशाला?"

शेवटी पात्याचा ठिसूळपणा जावा म्हणून तव्यावर वाळू तापवून त्याने ते तिच्यात ठेवलं. त्यावर वाळलेल्या गवताचा रंग चढला, त्या क्षणी उचललं. शेपटी त्याने मुठीच्या पार टोकापर्यंत नेली होती.

मूठ कशाची करायची, हे तर त्याने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. माळ्यावर गिरणीतला एक धोटा होता. पोटात सुताची कांडी घेऊन मागाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळणारा हा लाकडाचा तुकडा. टोकांचं पोलाद झिजल्यावर तो भंगारात निघाला आणि उत्तमने तो मागून घेतला होता. दगडासारखं लाकूड, वर्षानुवर्षं सुतावरून पळून काचेसारखं झालेलं. त्याच्या दोन फळ्या काढून, पितळी रिव्हेटांनी पात्यावर बसवून उत्तमने त्या पॉलिश पेपरने आणखी घोटल्या. कुठे नखभर खरखर राहिली नाही.

चाळीत जो तो सुरी हातात घेऊन बघून गेला. कोयता न्यायला आलेल्या गुणवंतीने माशाच्या हाताने मूठ दाबून पाहिली.

"बोंबलासारखी हाय रं," ती म्हणाली आणि खो खो हसली.

उत्तमला आठवडाभर पुरेल एवढं कौतुक मिळालं.

रविवारी एसटीतून उतरल्यावर दोन तास चढण होती. बाईंच्या गटातली पाच जणं मागेपुढे चालत होती. उत्तम सगळ्यांत मागे, गिरणीचे बूट घालून. वर पोचल्यावर बाईंनी सुरी काढली. सुक्या ओंडक्यावर पातं धरून पाठीवर दांडक्याने ठोकलं, तशी सरळ फाट सुटली. मग साल सोलली, वेल कापली, दोर तोडला. मुरुमात रुतलेला एक कंद मुळांसकट उकरला. पातं वाकलं नाही. बाईंनी धारेवरून नख फिरवलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. उत्तम मान लांब करून वाचायला बघत होता.

"परीक्षेचा पेपर आहे, उत्तमराव. डोकवायचं नाही."

ओढ्याकाठी बाईंना रानसुरणाच्या जातीचं एक झाड सापडलं. दांडा मनगटाएवढा जाड, आतून पाण्याने भरलेला. पहिल्या घावालाच चिकट रस बाईंच्या हातावर आला. दुसऱ्या घावाला मूठ हातात फिरली. तिसऱ्याला सुरी बाईंच्या अंगठ्याजवळून निसटली, दगडावर आपटली आणि ओढ्यात गेली.

बाईंनी आधी आपली बोटं मोजली.

"पाचही आहेत," त्या म्हणाल्या.

उत्तम बुटांसकट पाण्यात उतरला. गुडघाभर पाणी, तळाला शेवाळ. सुरी दोन दगडांच्या मध्ये दिसत होती. त्याने मूठ धरली आणि उचलली. ती हातातून सुटून परत तळाशी गेली. त्याने पुन्हा धरली, पुन्हा तेच. काठावर कुणीतरी हसू दाबत होतं. तिसऱ्या खेपेला त्याने पातंच चिमटीत धरून सुरी बाहेर काढली.

"पातं पास," बाई म्हणाल्या. "मूठ नापास. ही सुरी मी विद्यार्थ्यांच्या हातात देणार नाही."

"आठ दिवस द्या, बाई."

"शनिवारपर्यंत. त्यानंतर मला दुसरीकडे बघावं लागेल."

परतीच्या वाटेवर, एसटीच्या खिडकीशी बसून, उत्तमला आपली चूक नीट दिसली. धोट्याने कुठेही अडकू नये, यासाठीच तर तो सतरा वर्षं पगार घेत होता. सूत अडलं की तो कानस घेऊन धावायचा आणि खरखर मारायचा. सुरीच्या मुठीवरही त्याचा हात त्याच सवयीने चालला होता.

सोमवारी तो बाजारात गुणवंतीसमोर जाऊन उभा राहिला. ती बोंबील साफ करत होती.

"पडली ना सुरी?" तिने मान वर न करता विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"मी त्याच दिवशी सांगितलं व्हतं. बोंबलासारखी हाय म्हनून."

"मला वाटलं कौतुक करतेस."

"बोंबील कापायचा असतो रं, धरून काय करतोस त्याला?" शेजारच्या दोघी खिदळल्या. गुणवंतीने आपला कोयता त्याच्यापुढे धरला. गेले कित्येक महिने त्याने या कोयत्याची धार बघितली होती, मूठ कधी नाही. मुठीवर जाळ्याची जुनी सुती दोरी वळशाला वळसा लावून गुंडाळली होती.

"आता तर जाळी नायलॉनची असतात," तो म्हणाला.

"नायलॉन वल्लं झालं की सरकतं. सुती वल्ली झाली की आवळते. म्हनून जुनी जपून ठेवलीय." तिने टोपलीखालून चार हात दोरी काढून त्याला दिली आणि वळसे कसे घ्यायचे ते दाखवलं. टोक आत दडपायचं, गाठ कुठेच नाही, म्हणजे तळव्याला टोचत नाही.

घरी आल्यावर उत्तम बराच वेळ तिकोनी कानस हातात घेऊन बसून राहिला.

"काय झालं?" मंजुळाने विचारलं.

"गुळगुळीत लाकडावर मुद्दाम ओरखडे काढायचे आहेत. हात उठत नाही."

"मी काढू?"

त्याने काढले. आडव्या खाचा, सारख्या अंतरावर, मोजून अकरा. मग दोरी ताणून गुंडाळली. मंजुळाने दोन्ही हातांना खोबरेल तेल चोपडलं, ते बादलीत बुडवले आणि मूठ घट्ट धरली. उत्तमने पात्याला जाड फडकं गुंडाळून सुरी ओढून बघितली. मंजुळा फरशीवरून चार बोटं पुढे सरकली, सुरी तिच्या हातातून हलली नाही. मग ती हसायला लागली, तरीही सुटली नाही.

शनिवारी बाई आल्या. बोलत बसल्या नाहीत. बादली मागितली, हाताला साबण लावला आणि मूठ धरून मंजुळाने दिलेल्या भोपळ्यावर चार-पाच घाव घातले. हात उलटा करून सुरी हिसडली, पुन्हा हिसडली. उत्तमची नजर भोपळ्यावर होती. मंजुळाची खुंटीवर.

बाईंनी हात पुसला आणि पिशवीतून वर्तमानपत्राची घडी काढली. एका कागदावर एक, असे पाच पंजे पेन्सिलीने आखलेले होते, प्रत्येकाखाली नाव.

"माझी ही ठेवून घेते. आता या पाच. आणि सगळ्यांना मूठ अशीच हवी."

उत्तमने कागद उजेडात धरले. एकावर तो थबकला. "हा डावखुरा आहे?"

"कशावरून?"

"पंजा डावा, म्हणजे पेन्सील उजव्या हातात होती, आणि तो हात लिहिण्याचा नाही. अंगठ्याजवळ रेघ बघा कशी थरथरलीय."

बाईंनी कागद जवळ घेऊन बघितला आणि वहीत नोंद केली.

"पण गुणवंतीची दोरी तर संपली," उत्तम म्हणाला. "जुनी सुती दोरी आता कुठं मिळणार?"

मंजुळा उठली. तिने खुंटीवरचं वेटोळं काढलं, त्याचं टोक बोटांत धरून पीळ उलटा फिरवला. जाड दोराचे तीन पेड सुटे झाले.

"हे जाडीला बरोबर आहेत का बघा," ती म्हणाली आणि कात्री घ्यायला वळली.

"कात्री नको," बाई म्हणाल्या आणि सुरी पुढे केली.