प्रूफ नाण्यावरचा अंगठा

नाणी जमवणाऱ्या यज्ञेश्वरकाकांनी डबीतलं नाणं माझ्या हातात दिलं तेव्हा मी एवढी फुगले, की मंगळवार पेठेतला आमचा बोळ मला पुरेना. गेल्या वर्षी, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला निघालेलं चांदीचं दहा रुपयांचं नाणं! तसली बाजारातही मिळतात, पण हे प्रूफ. टांकसाळीत चकचकीत ठशांनी खास संग्राहकांसाठी पाडलेलं. साधी लाखांनी निघतात, ही अगदी थोडी. पाठ आरशासारखी, त्यात बघून भांग पाडावा अशी. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या प्रदर्शनात त्यावर बोलणार कोण? नववी अ मधली लीला!

"कडेला धरायचं," काका म्हणाले. "पाठीला बोट लावायचं नाही. पुसायचं तर मुळीच नाही. नीट परत आलं तर बाकीच्या नाण्यांच्या डब्या दाखवीन. नाहीतर पुन्हा मागायला येऊ नकोस."

घरात सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे देवघर. डबी देवांच्या मागं सरकवली आणि फटाके आणायला गेले.

परत येते तर आत्ती, म्हणजे कोडोलीहून दिवाळीला आलेली बाबांची थोरली बहीण, मोरीत फतकल मारून बसलेली. पुढ्यात परात. चिंच, रांगोळी आणि देवघरातली झाडून सगळी चांदी. बाजूला माझी डबी. उघडी. रिकामी.

"आत्ती, ह्यातलं नाणं?"

"लक्ष्मीपूजन हाय न्हवं आज? चांदी घासाय नगं व्हय?"

मी त्या काळ्या पाण्यात हात घातला. राणीछाप रुपया. राणीछाप. परत राणीछाप. रांगोळी बोटांना करकरत होती. ह्या रांगोळीनं त्या आरशावर किती ओरखडे काढले असतील?

"आगं, त्ये नवं व्हय? त्यात माझं त्वांड दिसत हुतं. मग कशाला घासू? पाटावर ठिवलंय."

धावले. तांदळावर नाणं झळकत होतं. मी खाली वाकले, आणि झेंड्याच्या शेजारी आत्तीचा अख्खा अंगठा उमटलेला. एकेक रेघ मोजावी असा.

परकराचा घोळ माझ्या हातात आलासुद्धा. एकदा फिरवला की अंगठा गेला असता, कुणाला कळलं नसतं. पण कापडानं बारीक रेघा पडल्या असत्या, त्या कायमच्या. घोळ सोडला.

मागून आत्ती ओलं कुंकू घेऊन आली. "सरक."

"नको! डबीला लाव."

"लक्ष्मी सोडून डबीला कुकू? लई शिकलीस की गं!"

मी नाणं कडेनं उचलून डबीत घातलं, झाकण लावलं. आत्तीनं पुटपुटत झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं.

प्रदर्शनाची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी डबी घेऊन काकांकडे गेले. त्यांनी आधी झाकण पाहिलं.

"माझ्या सगळ्या नाण्यांत हे एकटंच सवाष्ण झालं म्हणायचं!"

मला हसू येईना. त्यांनी नाणं उजेडाकडं तिरकं धरलं आणि त्यांचंही हसू गेलं.

"अंगठा कुणाचा?"

"आत्तीचा. पण ठेवलं होतं मी."

"पुसलंस?"

"नाही. रेघा पडल्या असत्या."

ते बराच वेळ नाणं फिरवत राहिले. मी दाराकडं बघत होते. मग ते उठले आणि नाण्यांच्या कपाटाची किल्ली काढली.

"हात धुऊन ये," म्हणाले. "आणि कोरडे कर, नीट."