दोन दिवसांची मटकी

मुलांनो, अशी कल्पना करा, की एके दिवशी तुम्ही सकाळी उठलात आणि घराला वासच उरलेला नाही. आई चहात आलं ठेचून टाकते आहे, शेजारच्या काकू सुकट भाजताहेत, न्हाणीत साबणाची वडी विरघळते आहे, आणि तुमच्या नाकाला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. आंबा म्हणजे ओला, मऊ गोळा. अशा नाकाने माणूस जगू शकतो. पण त्याच नाकाने अठ्ठावन्न मुलांचा स्वयंपाक करायचा असेल तर?

त्या बुधवारी सकाळी भामामावशी शाळेच्या स्वयंपाकघरात मटकीचं फडकं हातात धरून उभी होती. तिने ते नाकाशी नेलं. जुनी सवय. मग खाली घेतलं.

पनवेल तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेची एक शाळा आहे. तिथे भामा अठरा वर्षं मुलांचं दुपारचं जेवण रांधत होती. मागच्या पावसाळ्यात तिला आठवडाभर ताप आला. ताप उतरला, पण गेलेला वास काही परत आला नाही. सर्दी असेल, जाईल, असं तिला वाटलं. दिवाळीनंतर ती माहेरी, समुद्रकाठच्या करंज्याला गेली, तेव्हा बंदरावर बोंबील वाळत होते आणि तिची भाची नाकाला रुमाल लावून चालत होती. भामा मात्र मोकळ्या हवेत चालावं तशी चालत होती. तिथेच, जेट्टीवर, तिला कळलं, की ही सर्दी नाही.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, जमीन कधीच हातची गेली होती. ही चूल सुटली तर दुसरी कोण देणार? मग ती इतर खुणांवर चालू लागली. मोहरी तडतडली की फोडणी झाली. लसूण तांबूस दिसला की पुरे. शीत बोटांत दाबलं की भात कळतो, मीठ तर मुठीलाच ठाऊक असतं. तिखट तेवढं जिभेला झोंबायचं. आंबट, खारट पुसटसं कळे, कधी तेही नाही.

जेवण वाढण्याआधी रांधणारीने आणि एका शिक्षकाने चव बघायची व वहीत सही करायची, असा नियम असतो. मुख्याध्यापक कृष्णकांत सर सही न चुकता करत. चव बघायला त्यांना क्वचितच वेळ मिळे. मोबाइलवर आकडे भरायचे असत, फोटो पाठवायचे असत. "भामाताई, तुमच्या हातच्या जेवणाची आम्ही कसली परीक्षा घ्यायची," असं ते म्हणत. पूर्वी हे ऐकून भामाला बरं वाटे. आता ते ऐकलं की ती भांड्याकडे वळे.

तर ती मटकी. सोमवारी सकाळी तिने ती भिजवली आणि संध्याकाळी मोड यायला फडक्यात बांधून ठेवली. तेवढ्यात निरोप आला, की अतिवृष्टीचा इशारा आहे, उद्या शाळांना सुट्टी. मंगळवारी ओढ्याला इतकं पाणी होतं की तिला शाळेपर्यंत येताच आलं नाही. बुधवारी फडकं सोडलं तर मोड बोटभर लांब झालेले, आणि मटकी हाताला बुळबुळीत लागली.

मनात शंका आली. नाही असं नाही. पण डाळीचा डबा रिकामा होता, नवा माल यायचा होता. पाऊस आहे, बुळबुळणारच, असं तिने स्वतःला समजावलं. तीन पाण्यांनी मटकी धुतली, दणदणीत फोडणी दिली, वर चार आमसुलं जास्त टाकली. चव घेतली. गरम आणि तिखट. सरांनी भांड्याचा फोटो काढला, सही केली आणि ते फोनवर बोलत वर्गाकडे गेले.

रांगेत पहिली नेहमीसारखी स्नेहा होती. तिसरीतली, डोंगराकडच्या वाडीतली. तिचे आईवडील, सोमी आणि शुक्रा, उजाडायच्या आत बांधकामावर मजुरीला जात. सकाळी कोरा चहा, संध्याकाळी मिळालं तर भात, मधे दुकानातलं नळ्यांचं एखादं पुडकं. शाळेतलं ताट हेच तिचं जेवण. इतर मुलांना मंगळवारची सुट्टी म्हणजे गंमत होती. स्नेहाला ती सुट्टी म्हणजे रिकामी दुपार होती.

ताटात मटकी पडली तशी ती थबकली. "मावशी, याला वास मारतोय."

भामाने हातातला डाव थांबवला. मागे सगळी रांग उभी होती. "काय नाय वास. ताटातल्याला नावं ठेवू नकोस. खा गुपचूप," ती म्हणाली.

स्नेहा जाऊन बसली. मागच्या मुलांनीही नाकं मुरडली. ज्यांच्या दप्तरात घरचा डबा होता त्यांनी ताटं बाजूला सरकवली, दोघे जण कुंपणाबाहेरच्या दुकानाकडे पळाले. भामाने वळून स्नेहाकडे बघितलं. पोरीने डाव्या हाताने नाक गच्च दाबून धरलं होतं आणि उजव्या हाताने ती भराभर घास तोंडात कोंबत होती.

भामाने डाव टाकला. ती धावत गेली आणि तिने ताट ओढलं. स्नेहा ताट सोडेना. दोन्ही हातांनी तिने ते पोटाशी धरून ठेवलं होतं. "मी खाते ना मावशी, मी खाते," असं ती म्हणत राहिली. तिला वाटलं, वास मारतोय म्हणाली म्हणून मावशी ताट काढून घेते आहे.

शेवटी भामाने ते हिसकावलं. मटकीचं भांडं उचलून शाळेमागच्या खड्ड्यात पालथं केलं आणि उरलेल्या कोरड्या भातावर मीठ घालून मुलांना वाढलं. स्नेहाला मात्र काही जाईना. थोड्या वेळाने ती पडवीच्या टोकाला भडाभडा ओकली. भामा तिचं कपाळ धरून बसली. ओकारीचे शिंतोडे लुगड्यावर उडाले. त्याचासुद्धा वास तिला आला नाही.

दुपारभर पोरगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मीठसाखरेचं पाणी घोटघोट पोटात राहिलं, तशी ती जरा बोलू लागली. मावशीला वास कसा आला नाही, हे तिने विचारलं, आणि का कोण जाणे, वर्षभर सख्ख्या भावाला न सांगितलेलं भामाने त्या आठ वर्षांच्या पोरीला सांगून टाकलं.

स्नेहाने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग मी सांगन ना तुला. रोज आदी मी हुंगन. कोणाला नाय सांगायची."

भामाला क्षणभर हायसं वाटलं. किती सोपं होतं. पण मग तिच्या डोळ्यांपुढे ते गच्च दाबलेलं नाक आलं. या पोरीला वास आला होता, तिने सांगितलंही होतं, आणि तरी तिने खाल्लं होतं. उद्याही खाईल. भुकेल्या पोराचं नाक कितीही तीक्ष्ण असलं तरी त्याच्या भरवशावर भांडं उतरवता येत नाही.

"तू फक्त तुजं ताट हुंगायचं," भामा म्हणाली. "वाढणारी मी असो का दुसरं कोन. वास आला तर खायचं नाय."

"मंग खायचं काय?"

 भामाने पोरीचे केस मागे सारले, उठली आणि ऑफिसात गेली.

कृष्णकांत सर आधीच घाबरलेले होते. भामाचं सगळं ऐकून त्यांनी टेबलावरची वही मिटली. मग हळू आवाजात म्हणाले, की हे बाहेर बोलू नका. तुमच्यासारखी मायेने रांधणारी बाई मी कुठून आणू? यापुढे रोज मी स्वतः चव बघीन.

"आज बघितलीत, सर?"

 भामाला त्यांचा राग आला नव्हता. तिने कमरेला खोचलेली स्वयंपाकघराची किल्ली काढून वहीवर ठेवली. "माजी चूक मोठी हाय. मटकी हाताला लागली तवाच मला कळलं होतं," ती म्हणाली. "तुमी दुसरी बाई बघा."

दुसऱ्या दिवशी बचत गटातली सुनीता आली. तांदूळ कुठे, तेल कुठे, शेगडीची कुठली बाजू कमी पेटते, हे दाखवायला भामा आली होती. काम झालं तरी तिचा पाय निघेना. ती पडवीच्या खांबाशी उभी राहिली. आज खिचडी होती. वाफ दिसत होती, तिच्याकडे येत होती, पण खिचडी कशी झाली आहे हे कळायला भामाकडे काही मार्ग नव्हता. सर भांड्यापाशी उभे राहून फुंकर मारमारून चव घेत होते.

स्नेहा रांगेत पहिली होती. काल दुपारपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही राहिलं नव्हतं. ताट घेऊन ती जागेवर बसली. आजूबाजूची मुलं खायला लागली. तिने दोन्ही हातांनी ताट उचललं आणि नाकाशी नेलं.

"अगो, हुंगतेस काय मांजरीसारखी?" सुनीता हसून म्हणाली. "ताजी हाय. खा."

स्नेहाने वर बघितलं नाही. तिने सावकाश वास घेतला. ताट फिरवून दुसऱ्या बाजूने घेतला. मग ताट खाली ठेवलं, आणि पहिला घास उचलला.